बेसबॉलचा सुवर्णकाळ नेमका कधी होता?

१८६८ साली पीट ओब्रायन नावाच्या एका बेसबॉलपटूनं लिहून ठेवलं, की आठ-दहा वर्षांपूर्वी लोक जसं खेळायचे तसं आता खेळत नाहीत. खेळाडूंचं कौशल्य कमी झालं, असं त्याचं म्हणणं नव्हतं. पूर्वीच्या भावनेनं आणि पूर्वीच्या हेतूनं आता कोणी खेळत नाही, ही त्याची खंत होती. ओब्रायन ब्रुकलिनच्या ॲटलांटिक्स संघाचा. उघडपणे पगारी खेळाडू ठेवणारा पहिला संघ, सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, मैदानात उतरला तो १८६९ मध्ये. म्हणजे व्यावसायिक बेसबॉल रीतसर जन्माला यायच्या आधीच त्याचा सुवर्णकाळ संपलाही होता!

नंतरची दीडशे वर्षं हे रडगाणं थांबलेलं नाही. १९५२ मध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा दिग्गज बॅटर टाय कॉब यानं ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहून जाहीर केलं, की हल्ली कोणी बेसबॉल खेळतच नाही. जुन्या खेळाडूंच्या पंगतीला बसवावेत असे त्याला तेव्हाचे दोनच खेळाडू दिसले, स्टॅन म्यूझियल आणि फिल रिझुटो. त्या काळात जॅकी रॉबिन्सन ऐन भरात होता, विली मेज आणि मिकी मँटल यांनी नुकतंच पदार्पण केलं होतं आणि टेड विल्यम्स अजून निवृत्त व्हायचा होता. आज ऐंशीच्या घरातल्या अमेरिकन माणसाला बेसबॉलचा सुवर्णकाळ विचारा. तो बहुधा कॉबनं मोडीत काढलेलं तेच दशक सांगेल.

आपल्याकडेही ‘खरं क्रिकेट गावसकर-विश्वनाथच्या काळात होतं’ म्हणणारे काका घरोघरी असतात. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. बेसबॉलमध्ये मात्र लागतं. या खेळाला नोंदी ठेवायचं वेड आहे. एकोणिसाव्या शतकापासून कोणी किती चेंडू मारले, कोण बाद झाला, कोणाच्या हातून झेल सुटला, हे सगळं लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘पूर्वीचं ते खरं’ हे विधान इथे तपासून बघता येतं. तपासल्यावर ते अर्धं खोटं निघतं आणि अर्धं खरं, आणि मला त्यातलं खरं निघालेलं अर्धं जास्त रंजक वाटतं.

आधी खोटं. आपल्या आठवणी आयुष्यभर सारख्या पसरलेल्या नसतात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या घटना सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या घटना प्रमाणापेक्षा जास्त निघतात. आलेखावर तिथे ठळक उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हा उंचवटा नीट मांडला. तो का येतो याबद्दल एकमत नाही. त्या वयात मेंदू नवं टिपून घेण्यात सर्वांत तरबेज असतो, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात त्या तेव्हाच, म्हणून त्या रुतून बसतात. ‘मी कोण’ हे माणूस त्याच वयात ठरवत असतो, म्हणून त्या काळातल्या गोष्टी तो जपून ठेवतो, असाही एक पक्ष आहे.

रुबिन, स्टीव्ह यान्सन आणि मार्टिन कॉनवे यांनी २०१२ मध्ये हाच धागा खेळाकडे नेला. त्यांनी लोकांना आजवरचे सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण, असं विचारलं. पेले, क्रॉइफ, मॅराडोना अशी नावं आली. मग त्यांनी एक साधा हिशेब केला: त्या खेळाडूची कारकीर्द मध्यावर होती तेव्हा उत्तर देणाऱ्याचं वय काय होतं? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं १७. म्हणजे ‘सर्वकालीन सर्वोत्तम’ या प्रश्नाचं उत्तर देताना बरेच जण नकळत आपल्या कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं उत्तर देत होते. हा अभ्यास फुटबॉलचा आहे, पण चेंडू बदलल्यानं स्मरणशक्ती बदलेल असं समजायला काही कारण नाही.

दुसरी गंमत आठवणींच्या निवडीची. केरी मोरवेज, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशांना गाडी चुकल्याचा एखादा प्रसंग आठवायला सांगितलं. काहींना ‘कुठलाही’ प्रसंग विचारला, काहींना ‘सर्वांत वाईट’. दोन्ही गटांनी सांगितलेले प्रसंग जवळपास सारखेच वाईट निघाले. ‘कुठलाही’ म्हटलं तरी मनात पहिला येतो तो टोकाचाच, आणि तो टोकाचा आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. जुन्या खेळाचंही तेच. १९५४ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, चेंडूकडे पाठ करून धावत जाऊन विली मेजनं घेतलेला झेल. त्याच वर्षी ढगाळ दुपारी अर्ध्या रिकाम्या मैदानांवर झालेले शेकडो रटाळ सामने कोणाला आठवत नाहीत. कालच्या सामन्यातल्या रटाळ इनिंग्ज मात्र ताज्या असतात. मग आपण जुन्यातलं सर्वोत्तम आणि नव्यातलं सरासरी यांना एकाच तराजूत घालतो.

ब्रुकलिन डॉजर्सचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. १९५७ नंतर हा संघ लॉस एंजेलिसला गेला आणि त्याचं जुनं मैदान, एबेट्स फील्ड, १९६० मध्ये पाडलं गेलं. ब्रुकलिनच्या जुन्या लोकांचा गळा अजून त्यावरून दाटतो. २००९ मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्क मेट्सच्या मैदानाचा दर्शनी भागही एबेट्स फील्डच्या धर्तीवर, विटांच्या कमानी उभारून बांधला गेला. पण २४ सप्टेंबर १९५७ ला त्या मैदानावरचा डॉजर्सचा शेवटचा सामना झाला, तेव्हा संघ जाणार अशी कुणकुण सगळीकडे होती. डॉजर्सनी पिट्सबर्गला २-० असं हरवलं. ग्लॅडिस गुडिंग ही मैदानाची ऑर्गनवादक निरोपाची गाणी वाजवत होती. बत्तीस हजारांच्या आसपास क्षमतेच्या त्या मैदानात त्या रात्री किती प्रेक्षक होते? ६,७०२.

एकूण आकडेही तेच सांगतात. १९५० च्या दशकात सामन्यामागे सरासरी तेरा-चौदा हजार प्रेक्षक येत. २०२३ च्या हंगामात सुमारे ७ कोटी ७ लाख लोक मैदानावर आले, म्हणजे सामन्यामागे एकोणतीस हजारांच्या आसपास. शिवाय ज्या काळाबद्दल कॉब हळहळत होता त्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेची, दारं बंद होती; ती १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सनमुळे उघडली. मेजर लीगनं निग्रो लीग्जच्या (कृष्णवर्णीयांच्या तेव्हाच्या वेगळ्या स्पर्धांच्या) नोंदी २०२४ मध्ये आपल्या अधिकृत आकडेवारीत सामावून घेतल्या, आणि कारकिर्दीतल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा विक्रम कॉबच्या (.३६७) नावावरून जॉश गिब्सनच्या (.३७२) नावावर गेला. ज्यांच्याशी खेळावंच लागलं नाही त्यांच्याहून आपण श्रेष्ठ, असं म्हणणं तसं सोपं असतं.

‘पण मग आता कोणी .४०० का मारत नाही?’ जुन्या पिढीचा हा हुकमी एक्का. बेसबॉलमधली सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. मिळालेल्या अधिकृत संधींपैकी कितींमध्ये बॅटरनं हिट मारून बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला, त्याचं ते प्रमाण. दहात तीन, म्हणजे .३००, हे उत्तम समजतात. मेजर लीगच्या दोन विभागांत, अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, .४०० चा टप्पा शेवटचा गाठला टेड विल्यम्सनं, १९४१ मध्ये. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी .३९९५५ होती. ती तीन दशांश स्थळांपर्यंत .४०० धरली गेली असती, आणि बाकावर बसून राहायची मुभा त्याला होती. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट मारले आणि .४०६ वर थांबला. त्यानंतर कोणी नाही. म्हणजे बॅटर कच्चे झाले?

या प्रश्नाला हात घातला उत्क्रांतीचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी. गूल्ड न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, यांकीज संघाचे कट्टर चाहते. जीवाश्मांइतकंच त्यांचं बेसबॉलच्या आकड्यांवरही प्रेम. त्यांनी केवळ अव्वल बॅटर न पाहता सगळ्यांची सरासरी आणि तिचा पसारा पाहिला. सगळ्यांची सरासरी शतकभर .२६० च्या आगेमागे राहिलेली. यात नवल नाही, कारण ती बॅटर आणि पिचर (चेंडू टाकणारा) यांच्यातली रस्सीखेच आहे. दोघंही सारखेच सुधारले तर आकडा जागचा हलत नाही. आणि एक बाजू फार वरचढ झालीच तर नियम बदलतात. १९६८ मध्ये पिचर इतके माजले, की अमेरिकन लीगमधला अव्वल बॅटर अवघ्या .३०१ वर होता. पुढच्या हंगामात पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला गेला.

गूल्डना बदल दिसला तो पसाऱ्यात. जुन्या काळी अव्वल आणि सुमार यांच्यात प्रचंड अंतर असे. काळ पुढे गेला तसे सगळेच खेळाडू माणसाच्या शारीरिक मर्यादेच्या भिंतीकडे सरकले आणि त्यांच्यातलं अंतर आवळत गेलं. अव्वल बॅटर तेवढाच किंवा अधिकच चांगला झाला, पण त्याच्यासमोरचा पिचर आता सुमार राहिलेला नाही आणि चेंडू सोडणारा क्षेत्ररक्षकही नाही. १९०० च्या सुमारास शंभर संधींमागे सहाच्या आसपास क्षेत्ररक्षणाच्या चुका होत, आज दीड. यातलं बरंच श्रेय मोठ्या हातमोज्यांचं, हे मान्य. तरीही .४०० नाहीसं होणं हे खेळ घसरल्याचं नव्हे, सर्वांगानं सुधारल्याचं लक्षण आहे, हा गूल्ड यांचा निष्कर्ष. मला तो पटतो, आणि तो जुन्या लोकांना पटवायचा प्रयत्न करू नये हेही पटतं.

आता खरं निघालेलं अर्धं. ‘खेळ फार लांबला, आणि घडत काहीच नाही’ ही गेल्या वीसेक वर्षांतली तक्रार स्मृतीचा खेळ नव्हती. १९२० च्या दशकात सामना दोन तासांच्या आत आटपायचा, १९७० च्या दशकात अडीच तास लागत. २०२१ मध्ये नऊ इनिंगच्या, म्हणजे नेहमीच्या पूर्ण सामन्याची सरासरी वेळ ३ तास १० मिनिटांवर गेली, आजवरची सर्वाधिक. वाढलेला वेळ खेळण्यात जात नव्हता. पिचर घाम पुसतोय, बॅटर हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा बांधतोय, असा जात होता. दुसरीकडे पिचर भन्नाट वेगवान झाले. वेगवान चेंडूची सरासरी २००८ मध्ये ताशी ९२ मैलांच्या आसपास होती, ती आता ९४ च्या वर आहे. असा चेंडू बॅटरपर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. बॅटरनीही हिशेब मांडला: हिट दुर्मीळच असतील, तर प्रत्येक वेळी होम रनसाठीच (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यासाठी) घुमवा. परिणाम असा, की २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा पूर्ण हंगामात हिटपेक्षा स्ट्राइकआउट (चेंडू मारता न येता बाद होणं) जास्त झाले: ४१,०१८ विरुद्ध ४१,२०७. प्रत्येक संघ आपल्या परीनं शहाणपणानं वागत होता, आणि बघणारा जांभया देत होता.

मग २०२३ मध्ये घड्याळ आलं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत आणि धावपटू असतील तर २० (२०२४ पासून १८) सेकंदांत चेंडू टाकायचा, नाहीतर दंड. ‘घड्याळ नसलेला खेळ’ ही तर बेसबॉलची शान. जुने चाहते खवळणं साहजिक होतं. पण त्या हंगामात सामन्याची सरासरी वेळ २ तास ४० मिनिटांवर आली, १९८५ नंतरची सर्वांत कमी. पिचरनं बेसकडे किती वेळा चेंडू फेकून धावपटूला अडवायचं यावरही मर्यादा आली, बेसही १५ ऐवजी १८ इंचांचे झाले. बेस चोरणं (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळणं), ही जुन्या लोकांची आवडती गोष्ट, २,४८६ वरून ३,५०३ वर गेली. परंपरा मोडल्याची ओरड झाली त्या नियमानंच परंपरेतला वेग परत आणला.

म्हणून जुन्या चाहत्याचं म्हणणं दोन भागांत ऐकावं असं मला वाटतं. ‘खेळाडू पूर्वीसारखे नाहीत’ म्हणाला, तर त्याचं वय विचारावं. ‘खेळ पूर्वीसारखा चालत नाही’ म्हणाला, तर घड्याळ आणि नोंदवही काढावी. तिसरी गोष्ट कुठल्याच वहीत सापडत नाही: त्याला पहिल्यांदा मैदानावर कोण घेऊन गेलं होतं. साउथॅम्प्टन विद्यापीठात टिम विल्डशुट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस यांनी या गतकातरतेवर (नॉस्टॅल्जियावर) बराच अभ्यास केला आहे. माणसाला एकटं वाटलं की ती उसळते, आणि उसळली की आपण कोणाचे तरी आहोत ही भावना पुन्हा पक्की होते, असं त्यांना दिसलं. त्यांनी गोळा केलेल्या आठवणींत जवळची माणसं वारंवार येतात. त्यामुळे वडिलांसोबत पाहिलेल्या सामन्यातल्या पिचरला आजचा पिचर कधीच हरवू शकणार नाही, त्याचा वेग कितीही असो.

पुढची हळहळ कशाबद्दल असेल, तेही दिसू लागलं आहे. २०२६ पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या निर्णयाला आव्हान देऊन चेंडू स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या कक्षेतून गेलेला) होता की नव्हता हे कॅमेऱ्यांकडून ठरवून घेता येतं. कक्षेबाहेरचा चेंडू हातमोजा अलगद वळवून आत होता असं भासवण्याची कॅचरची (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याची) कला, ‘फ्रेमिंग’, आता मरणार म्हणून गळे काढणं सुरू झालं आहे. गंमत अशी, की या कलेचं मोल किती हे चाहत्यांना कळलं तेच मुळी २००८ च्या सुमारास प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे सगळ्या मैदानांवर बसले, त्यानंतर.