जुन्या सुट्या भागांचं मनगटी स्मरणयंत्र : ग्राहकांसाठी माहिती

ठरवलेल्या वेळी हे यंत्र मनगटावर दोन सेकंद थरथरतं. आवाज नाही, स्क्रीन नाही. मोटर जुन्या मोबाइलमधली, क्रिस्टल बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळातला. हा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, त्यामुळे सेकंद मोजायला तो सोयीचा. महिन्याला मिनिटभर पुढे-मागे होणं हा बिघाड नव्हे.

जुनंच वापरायचा आग्रह आम्ही सेलपाशी सोडतो. वापरलेल्या लिथियम सेलची आतली अवस्था बाहेरून नीट कळत नाही, आणि इथे तर तो कातडीलगत बसणार. म्हणून सेल नवा, ३०० एमएएचचा, संरक्षक सर्किटसह. चार्जिंगसाठी टीपी४०५६ चिपचं मॉड्यूल आहे. ते बाजारात सहसा १ अँपिअरवर लावलेलं मिळतं. एवढा प्रवाह या सेलच्या क्षमतेच्या मानाने तिपटीहून जास्त. सेल तापतो, फुगतो. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून आम्ही १० किलोओहमचा लावतो, मग प्रवाह सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो. पूर्ण चार्जिंगला तीनेक तास लागतात. फास्ट चार्जर लावून ते लवकर होणार नाही.

स्वतः उघडून फेरफार करणार असाल तर मोटर थेट मायक्रोकंट्रोलरच्या (यंत्र चालवणाऱ्या चिपच्या) पिनला जोडू नका. सुरू होताना ती पिनला झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढते आणि बंद होताना उलट व्होल्टेजचा झटका देते. मध्ये ट्रान्झिस्टर आहे, मोटरला समांतर उलटा डायोड आहे. दोन्ही राहू द्या.

अंगावरच्या यंत्रात चिप क्वचितच जाते, तार जाते. तीही बहुधा सोल्डरच्या डागाच्या (जोडाच्या) जरा पुढे तुटते: वितळलेलं सोल्डर बारीक तारांच्या पिळात शिरतं, तेवढा भाग कडक होतो आणि वाकण्याचा सगळा ताण त्याच्या कडेवर येतो. यावर उपाय म्हणून तारेला थोडी ढील ठेवून डागाजवळ सिलिकॉन लावलेलं आहे. पुन्हा लावायची वेळ आली तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. त्यातल्या आम्लाने तांबं गंजतं.

घामातल्या क्षारांपासून बचावासाठी बोर्डवर ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात दिले आहेत. बटण, चार्जिंगचं तोंड आणि मोटर उघडी ठेवावीच लागते, म्हणून यंत्र वॉटरप्रूफ नाही. आंघोळीला आणि झोपताना काढून ठेवा, चार्जिंग मनगटावर असताना करू नका. आतली बाजू कोरड्या कापडाने पुसा. सॅनिटायझर नको, त्याने लॅकर सुटतं.

झाकण उचललेलं किंवा फुगीर दिसलं तर चार्जिंग थांबवा. सेल दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. इतर बिघाडासाठी यंत्र देताना पट्टाही सोबत द्या. तार कुठे वाकते ते पट्ट्याच्या घडीवरून कळतं.