उंदराच्या रक्तातला पांढरा रस्सा

पांढऱ्या रश्श्याला रंग मटणाचा येत नाही, नारळाच्या दुधाचा येतो. चरबीचे बारीक बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात, उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि वाटी पांढरी दिसते. मधुमेही केलेल्या पांढऱ्या उंदराचं रक्त गोठू देऊन सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं, की नळीत वर राहणारं सीरम अनेकदा असंच दिसतं. धडधाकट उंदराचं मात्र आरपार.

ही चरबी मिसळीच्या कटासारखी लगेच वर तरंगत नाही, कारण ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेली असते. नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली आणि सकाळी वर साय धरली, तर ती नुकत्याच खाल्लेल्या अन्नातली चरबी. खालचं सगळं गढूळच राहिलं, तर तो माल यकृतानं तयार केलेला.

उंदराला मधुमेह होतो कसा? स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून. या रेणूला ग्लुकोजचा तुकडा चिकटलेला असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी साखर समजून त्याला आत घेतात आणि मरतात. इन्सुलिन आटतं. मग चरबीचं कोठार उघडंच पडतं, कारण त्याला कुलूप इन्सुलिनचं असतं. तिथून सुटलेली मेदाम्लं यकृतात जातात, यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीचे रेणू, बांधून परत रक्तात सोडतं. केशवाहिन्यांच्या भिंतीवर ते फोडणारं लायपेज नावाचं विकर असतं, तेही इन्सुलिनविना मंदावतं. आवक वाढली, उठाव थांबला. मार्केट यार्डात गुळाच्या भेल्यांचं होतं तेच. पुन्हा इन्सुलिन दिलं की सीरम निवळत जातं.

आहाराचं गणित वेगळं. भरपूर फ्रुक्टोज चारलं, तर हे औषध न टोचताही उंदराचे ट्रायग्लिसराइड चढतात, कारण यकृत फ्रुक्टोजची चरबी करतं. (आपला गूळही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे निम्मं फ्रुक्टोज. कोल्हापुरी आहे म्हणून यकृत सवलत देत नाही.) कोलेस्टेरॉल मात्र उंदीर बऱ्यापैकी पचवतो, जादा झालं की त्याची पित्ताम्लं करून टाकतो. सशाला हे जमत नाही. 1913 साली रशियात आनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्टेरॉल चारलं, आणि त्यांच्या धमन्यांत थर साचले. तेव्हा ‘प्रयोगात सिद्ध’ असं कुणी पाठवलं, की प्राणी कुठला ते आधी बघावं.

सशानं पुढं शास्त्रज्ञांनाही चकवलं. 1949 मध्ये कॅनडातल्या डफ आणि मॅकमिलन यांनी अलोक्सान टोचून सशांना मधुमेही केलं आणि कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला. रक्तातली चरबी प्रचंड चढली, पण धमन्यांतले थर मधुमेह नसलेल्या सशांपेक्षा कमी! कोडं सुटायला बरीच वर्षं गेली. या सशांच्या रक्तातले चरबीचे कण इतके फुगलेले होते, की ते धमनीच्या भिंतीत शिरूच शकत नव्हते. माणसाच्या मधुमेहात भिंतीत शिरतील इतके लहान कण भरपूर असतात.