इंदूर-मुंबई: 506 किमीसाठी तिकिटावर सव्वा तास का?

इंदूरहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण 506 किमी आणि गंमत म्हणजे पुणंही जवळपास तेवढंच, 500. आता ताशी 800 नं उडणाऱ्या जेटला एवढ्यासाठी सव्वा-दीड तास कशाला लागतो हे घरोघरी कोणीतरी विचारतंच.

पण आपल्या इंदूरकरांना या फ्लाइटचं एवढं अप्रूप का, तर रेल्वेमुळे. 1870 मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला 1 कोटीचं कर्ज देऊन खंडवा-इंदूर लाइन आणवली, पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातनं, पण ती मीटर गेज आणि खंडव्यावरनं मुंबईला जाणारी मेन लाइन ब्रॉड गेज, म्हणजे खंडव्याला बोचकी-पोरंबाळं घेऊन उतरा आणि दुसऱ्या गाडीत चढा. पुढे ब्रॉड गेज आली ती उज्जैनच्या बाजूनं, म्हणून इंदूर-मुंबई अवंतिका एक्स्प्रेस आजही रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेत जाते, 830 किमीच्या आसपास, अख्खी रात्र. मनमाडच्या थेट लाइनला केंद्राची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर 2024 मध्ये, 309 किमी, होईल तेव्हा खरी!

विमानाचं मात्र लवकर सुचलं होतं. 1935 मध्ये होळकर सरकारनं टाटांना जागा बघायला सांगितलं, तेव्हा त्यांचा वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट येऊन पाहणी करून गेला आणि बिजासनची जागा पसंत झाली. हा तोच, 1932 मध्ये जेआरडींनी कराचीहून मुंबईपर्यंत आणलेली टपाल पुढे मद्रासला नेणारा. प्रवासी विमानं सुरू व्हायला जुलै 1948 उजाडला: ग्वाल्हेर, दिल्ली, मुंबई. त्या जमान्यातलं डाकोटा ताशी 300 च्या आसपास, त्या वेगानं मुंबईला नुसतं हवेतच पावणेदोन तास लागणार.

आज जेट हवेत तासाभराच्या आतबाहेर असतं. तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच, इथे चाकांखालचे ठोकळे काढले की घड्याळ सुरू आणि मुंबईत पुन्हा ठोकळे लागले की बंद, त्यात टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवरनं रनवेपर्यंत चालत जाणं आलं, रनवेच्या तोंडाशी थांबणं आलं. शिवाय एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान वर पोचून स्थिरावतंय तोच उतरायला लागतं, फुल स्पीड मिळतो तो थोडाच वेळ, म्हणून ताशी 500 वालं, पंख्याचं छोटं एटीआर विमान असलं तरी फरक वाटतो तितका पडत नाही. आणि खरी मेख मुंबईतच: तिथले दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धरून चालायचं, गर्दी झाली की खाली वसईची खाडी दिसत असताना वर गोल गोल फिरवत ठेवतात. एअरलाइन हे सगळं धरून आधीच दहा-पंधरा मिनिटं जास्तीची टाकते, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर फ्लाइट वेळेवर.