‘लाईट गेली’ म्हणजे नक्की काय गेलं? : फोन करण्यापूर्वी वाचावं असं माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या दुकानाच्या फोनवर रोज सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य एकच : “दादा, लाईट गेलीय, पोरगं पाठवा की.” पत्ता सांगून फोन ठेवलासुद्धा जातो. सांगलीत इतकी वर्षं वायरिंगचं काम करूनही, नुसत्या या वाक्यावरून घरात काय बिघडलंय ते आम्हाला कळत नाही. कारण लाईट हा शब्द आपण सगळेच वीज, दिवा, उजेड, व्होल्टेज, वायरिंग, बिल आणि वर फिकट रंग, एवढ्या सगळ्यांसाठी वापरतो. बोलणाऱ्याला आपला अर्थ पक्का माहीत असतो. ऐकणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला की फेरी वाया जाते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका वहिनींचा फोन आला, “किचनमधली लाईट गेलीय.” मुलगा ९ वॅटचा बल्ब आणि एक होल्डर खिशात टाकून गेला. बघतो तर दिवाच काय, फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर सगळंच बंद. किचनचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच, आतून जळला होता. मुलगा परत दुकानात आला, एमसीबी घेऊन पुन्हा गेला. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. तोवर फ्रिजमधलं दूध नासायला आलं होतं आणि वहिनी आमच्यावर नाराज झाल्या होत्या. त्याच आठवड्यात उलटं झालं. “घरातली लाईट गेलीय” म्हणून आम्ही दोघं जण मीटर, मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), वायरचं बंडल, शिडी असं सगळं घेऊन पोचलो, तर बाहेरच्या खोलीतली ट्यूब उडालेली. आणि नेमकी ट्यूबच आमच्या पिशवीत नव्हती.

शब्दाच्या रूपावरून थोडा अंदाज येतो. ‘लाईट गेली’ म्हणणारा बहुतेक वेळा विजेबद्दल बोलत असतो आणि ‘लाईट गेला’ म्हणणारा दिव्याबद्दल. ‘लाईट गेले’ म्हटलं तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. पण गावागावाची बोली वेगळी. कुणी दिव्यालाही ‘ती’ म्हणतं, त्यामुळे यावर विसंबून पिशवी भरता येत नाही. म्हणून आम्ही फोनवर चार प्रश्न विचारतो. काही ग्राहकांना वाटतं, यायचं टाळतायत. तसं मुळीच नाही. योग्य सामान घेऊन, योग्य माणसानं, एकाच फेरीत यावं, एवढ्यासाठीच ते प्रश्न असतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी एकदा समजावून सांगितलं होतं, ते मनात राहिलंय. इंग्रजीतसुद्धा हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. उजेड या अर्थाचा लाईट आणि हलका या अर्थाचा लाईट यांची मुळं निराळी, काळाच्या ओघात दोन्ही एकसारखे झाले. पहिल्याचं नातं संस्कृतातल्या ‘रुच्’ म्हणजे चमकणे या धातूशी, तर दुसऱ्याचं ‘लघु’शी. म्हणजे आपण दुकानात “बेडरूमला लाईट लाईट द्या” म्हणतो, तेव्हा दोन वेगवेगळे शब्द शेजारी ठेवत असतो. वीज हा अर्थ मात्र आपण त्याला दिला, कारण आपल्याकडे घरात वीज आली ती आधी दिव्याच्या रूपानंच. मीटर, बिल, खांब, वायरमन, सगळंच मग लाईटचं झालं.

आधी मीटरकडे बघा

वीज या अर्थानं लाईट गेली असेल, तर पहिला प्रश्न : शेजारी आहे का? रस्त्यावरचे दिवे, समोरचं दुकान, वरचा मजला बघा. सगळीकडे अंधार असेल तर डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला असेल किंवा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून येणारी लाईन, बंद असेल. ते काम महावितरणचं आहे, आम्हाला तिथे हात लावायचा अधिकार नाही. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वीज मंडळाचं विभाजन २००५ मध्ये झालं, तरी पुष्कळ जण अजून ‘बोर्डात फोन करा’ म्हणतात. आणि घरात स्विचच्या पेटीलाही बोर्डच म्हणतात. तेव्हा “बोर्डात बिघाड आहे” असं सांगाल, तर कुठला बोर्ड तेही सांगा.

फक्त तुमच्याच घरात अंधार असेल तर मीटरवर नजर टाका. आकडे दिसत नसतील तर बहुतेक करून मीटरपर्यंतच वीज पोचलेली नाही. तेही महावितरणला कळवा, कारण मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची. आकडे दिसतायत आणि घरात अंधार आहे, तर बिघाड मीटरच्या पुढे, म्हणजे तुमच्या वायरिंगमध्ये. तिथून पुढे आमचं काम सुरू होतं. “मीटरवर आकडे आहेत” एवढं एक वाक्य फोनवर सांगितलंत, तरी आमचा निम्मा तपास झालेला असतो.

अर्ध्या घरात असेल आणि अर्ध्यात नसेल, तर कनेक्शन थ्री फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वायरींचं, आहे का ते सांगा. एक फेज गेला की काही खोल्या चालू राहतात आणि काही बंद पडतात. सिंगल फेज असेल तर एखादा एमसीबी पडला असण्याची शक्यता जास्त.

ट्रिपर पडत असेल तर

पावसाळ्यात सर्वाधिक फोन याचे. “लाईट येतेय, जातेय, येतेय, जातेय.” ऐकणाऱ्याला वाटतं, महावितरणची वीज ये-जा करतेय. प्रत्यक्षात घरातला ट्रिपर पडत असतो आणि कुणीतरी तो पुन्हा पुन्हा वर करत असतं.

ट्रिपर म्हणजे आरसीसीबी. जुनी माणसं त्याला ईएलसीबी म्हणतात. एमसीबी आणि हा, दोघांची कामं वेगळी. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्ट सर्किट यांपासून वायर वाचवतो. ट्रिपर माणूस वाचवतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं, म्हणजे परतीच्या वायरनं, पुरता परत येत नसेल, म्हणजे तो कुठेतरी जमिनीत किंवा कुणाच्या अंगातून वाहत असेल, तर हा क्षणात वीज तोडतो. घरगुती ट्रिपर ३० मिलीअँपिअरचा असतो. साधा ९ वॅटचा बल्ब जेवढा करंट घेतो, त्याहूनही हे कमी. एवढ्या करंटला ६ अँपिअरचा एमसीबी हलतसुद्धा नाही. म्हणून घरात एमसीबी आहेत, आता ट्रिपर कशाला, हा हिशेब बरोबर नाही.

तो पडत असेल तर आम्हाला फोन करण्याआधी एवढं करून बघा. हात कोरडे, पायात चप्पल. डीबीतले, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीतले, सगळे छोटे एमसीबी खाली करा. ट्रिपर वर करा. मग एकेक एमसीबी वर घ्या. ज्याच्या वेळी ट्रिपर पडेल, दोष त्या लाईनवर. तो एमसीबी खाली ठेवून बाकीचं घर चालू करा आणि आम्हाला कळवा : “गिझरची लाईन घेतली की ट्रिपर पडतोय.” आमच्या अनुभवात बहुतेक वेळा गिझरचं एलिमेंट, गॅलरीतला किंवा फाटकावरचा पाणी शिरलेला दिवा, नाहीतर बोअरची मोटर निघते. सगळे एमसीबी खाली असूनही ट्रिपर बसत नसेल, तर हात थांबवा. आम्ही येतो.

एक विनंती मनापासून. वारंवार पडतो म्हणून ट्रिपर काढून वायर थेट जोडून घेऊ नका. कुणी स्वस्तात करून देत असेल तरी नको. आम्ही हे काम करत नाही. त्यावरून ग्राहक तुटले तरी करत नाही. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. ट्रिपर पडलाच पाहिजे. पडला नाही तर बदलायची वेळ झाली.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर नदीकाठच्या घरांतून आम्हाला “लाईट आलीय, फक्त मेन वर करायचाय” असे फोन येत होते. एका घरी आम्ही स्विचची पेटी उघडली, तर आत बोटभर ओला गाळ आणि त्यात रुतलेल्या वायरींची टोकं. वरून भिंत कोरडी दिसत होती. पाणी शिरलेल्या घरात वायरिंगची मेगरनं तपासणी झाल्याशिवाय मेन वर करू नका. बाहेर लाईट आली म्हणजे तुमच्या घरात ती घेता येईलच असं नाही.

‘लाईट कमी’, ‘लाईट जास्त’

इथे लाईट म्हणजे व्होल्टेज. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. पूर्वी पिवळा बल्ब लाल-मंद झाला की सगळ्या घराला कळायचं, लाईट कमी आहे. आता एलईडी दिवे तसं दाखवत नाहीत. बहुतेक एलईडी बरंच कमी व्होल्टेज असलं तरी तितकाच उजेड देतात. म्हणून आता पंख्याकडे बघा, फ्रिजचा आवाज ऐका. पंखा रेंगाळतोय, फ्रिज घरघरतोय पण चालू होत नाही, तर व्होल्टेज कमी आहे. फ्रिज आणि मोटर लगेच बंद करा.

लाईट जास्त झाली तर मात्र फोन करत बसू नका, आधी मेन बंद करा. पंखा एकदम वेगानं फिरू लागला, एखाद्या अ‍ॅडॉप्टरमधून वास आला, तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल निघाला, की कुणाच्या घरी व्होल्टेज घसरतं आणि कुणाच्या घरी ते ४०० च्या दिशेनं चढतं. टीव्ही, फ्रिज, राऊटर काही मिनिटांत जातात. मेन पाडा, महावितरणला कळवा, मग आम्हाला.

लाईटचा प्लग, पॉवरचा प्लग

लहान पिन म्हणजे लाईटचा प्लग, मोठी पिन म्हणजे पॉवरचा, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी कन्व्हर्टर लावून पॉवरची वस्तू लाईटच्या प्लगवर चालवली जाते. लाईटचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,३०० ते १,४०० वॅटपर्यंत. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. दुकानात काउंटरवर आम्ही असा एक सॉकेट ठेवलाय. भोकांभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन आत ओघळलंय, पितळी पट्टी निळसर पडलीय. येऊन हातात घेऊन बघा. नवीन काम करताना आम्ही दिव्यांना १.५, पॉवर प्लगला २.५ आणि गिझर-एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर घालतो. दर थोडा जास्त वाटतो तो त्यामुळे.

कोटेशन मागताना

‘लाईट फिटिंगचं कोटेशन द्या’ यावरून आमचे आणि ग्राहकांचे गैरसमज फार झालेत. एका बंगल्याचं कोटेशन आम्ही पंखे, दिवे, झुंबर टांगण्याचं दिलं. मालकांना अख्ख्या घराचं वायरिंग अपेक्षित होतं. आकडा बघून ते खूश झाले आणि काम सुरू होताना दोघांनाही मनस्ताप झाला. तेव्हापासून आम्ही वायरिंग, फिटिंग आणि सणाचं लायटिंग हे तीन कागद वेगळे देतो. गणपतीच्या माळांचं लायटिंग आम्ही स्वतः करत नाही. मात्र त्यासाठी ट्रिपर असलेला वेगळा पॉइंट काढून देतो.

दिवे विकत घेताना रंग आणि उजेड वेगवेगळे सांगा. ‘लाईट पिवळा’ म्हणजे फिकट पिवळा, मंद पिवळा की पिवळा दिवा? खोक्यावर बघा : ३,००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४,००० मधला, ६,५०० पांढरा. उजेड किती ते ल्युमेनवरून कळतं. अभ्यासाच्या टेबलाला ‘लाईट’ दिवा नेला आणि मुलाला पुस्तक दिसेना, अशी अदलाबदल आम्ही पुष्कळदा करून दिलीय. खोकं आणि बिल सोबत असेल तर सात दिवसांत बदलून देतो.

व्हिजिट चार्जबद्दल

आम्ही पोचेपर्यंत लाईट आलेली असते, तरी २०० रुपये का घेता, असं विचारलं जातं. माणूस निघालेला असतो, पेट्रोल जळलेलं असतं आणि त्या वेळात दुसऱ्याचं काम मागे पडलेलं असतं. दुरुस्ती आमच्याकडून झाली, तर हे २०० मजुरीतून वजा होतात. फोनवरच्या प्रश्नांनी काम सुटलं, तर एक पैसाही घेत नाही. गेल्या महिन्यात एका काकांचा ट्रिपर फोनवरच सापडला. दोष अंगणातल्या दिव्यात होता. तो त्यांनी संध्याकाळी स्वतः दुकानात आणून बदलून नेला.

डीबीतल्या प्रत्येक एमसीबीवर ‘किचन’, ‘हॉल’, ‘गिझर’ अशी नावं लिहिलेली नसतील, तर पुढच्या वेळी आलो की सांगा. आम्ही लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत.

हे पत्रक मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. खालच्या रिकाम्या चौकटीत बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक ठळक लिहून ठेवा. महावितरणला फोन केला की आधी तोच विचारतात, आणि अंधारात बिल सापडत नाही. दुकान सकाळी ९ ते रात्री ८, सोमवारी बंद. ठिणगी, जळका वास किंवा भिंतीला शॉक, यांपैकी काही असेल तर आधी मेन बंद करा आणि रात्री कितीही वाजले असले तरी फोन करा.