स्ट्रोकर क्रँकशाफ्ट

इंजिनाच्या मूळ क्रँकशाफ्टपेक्षा (पिस्टनची वरखाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) लांब स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास, देणारा क्रँकशाफ्ट. सिलिंडरचा व्यास फारसा न वाढवता इंजिनाची क्षमता वाढवण्यासाठी तो बसवतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिनाचे ‘383’.

1967 मध्ये आलेल्या 350 घनइंची (5.7 लिटर) इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 4 इंच आणि स्ट्रोक 3.48 इंच आहे. त्याच घराण्यातल्या, 1970 च्या 400 घनइंची इंजिनाचा स्ट्रोक 3.75 इंच. हौशी मेकॅनिकांनी 400 चा क्रँक घेतला, त्याचे मेन जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणारे गोल भाग) 2.65 इंचांवरून 2.45 इंचांवर ग्राइंड केले आणि तो 350 च्या ब्लॉकमध्ये बसवला. झिजलेल्या ब्लॉकचे सिलिंडर तसेही 30 थाऊ (0.030 इंच) रिबोअर करून रुंद करावे लागत; 4.030 इंच बोअर आणि 3.75 इंच स्ट्रोक धरून क्षमता 383 घनइंच भरते. पुढे याच मापाचे तयार आफ्टरमार्केट (मूळ कंपनीबाहेरच्या उत्पादकांचे) क्रँक बाजारात आले आणि जुने क्रँक शोधण्याची गरज उरली नाही.

निवडताना चर्चा सहसा धातूपासून सुरू होते. ओतीव लोखंड स्वस्त, ओतीव पोलाद त्याहून बरे. घडीव (फोर्ज्ड) क्रँकमध्ये 5140, 4130 आणि 4340 अशी पोलादाची चढती प्रत. 4340 या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाला नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवण्याची प्रक्रिया) केले की जर्नलचा पृष्ठभाग कठीण होतो आणि थकव्याने तडे जाण्याला विरोध वाढतो. टर्बो किंवा नायट्रस (ताकद वाढवण्यासाठी इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू) लावायचा असेल तर घडीव क्रँकच घ्यावा. रस्त्यावर चालवायच्या साध्या इंजिनाला मात्र 4340 चा आग्रह ही बहुधा हौसच. ते पैसे सिलिंडर हेडवर घातले तर जास्त कामी येतात.

धातूइतकेच महत्त्व मापांना आहे, आणि तिकडेच दुर्लक्ष होते. रॉड जर्नल (पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड जिथे बसतो तो भाग) आणि मेन जर्नल क्रँकच्या टोकाकडून पाहिले तर एकमेकांवर काही अंशी चढलेले दिसतात. या चढाला ओव्हरलॅप म्हणतात. दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्म्यातून स्ट्रोकचा निम्मा भाग वजा केला की तो मिळतो. मूळ 350 मध्ये (रॉड जर्नल 2.10 इंच) तो 0.535 इंच भरतो, 383 मध्ये 0.400 इंच. स्ट्रोक वाढला की क्रँकची कंबर बारीक होते ती अशी. म्हणून जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई, म्हणजे फिलेट रेडियस, तपासावी. तडा बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. गोलाई मोठी असेल तर बेअरिंगच्या कडाही तिला सांभाळून घेणाऱ्या, उतार दिलेल्या लागतात.

स्ट्रोकसोबत पिस्टनही बदलतो. 5.7 इंची रॉड कायम ठेवला तर पिस्टनमधल्या, रॉड जोडणाऱ्या पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे 1.43 इंच लागते, 6 इंची रॉडला जेमतेम 1.125. शिवाय रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमशाफ्टला घासू शकतात, त्यामुळे ब्लॉक थोडा खरवडावा लागतो. सरासरी पिस्टनवेगही चढतो: 6500 आरपीएमला मूळ स्ट्रोकवर सेकंदाला सुमारे 19 मीटर, 383 मध्ये जवळपास 20.6.

ऑइल सीलची चूक फार होते. 1985 पर्यंतच्या ब्लॉकमध्ये क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारा मेन सील दोन तुकड्यांचा, 1986 पासून अखंड. एकाचा क्रँक दुसऱ्यात तसाच बसत नाही.

बॅलन्सिंग, म्हणजे फिरताना इंजिन हादरू नये म्हणून वजनांचा समतोल साधणे, तेही आधी ठरवावे. 400 चा मूळ क्रँक बाह्य समतोलाचा होता, म्हणजे काही वजन क्रँकच्या टोकांवरच्या डॅम्पर (कंपन शोषणारे चाक) आणि फ्लायव्हीलवर ठेवलेले असे. अंतर्गत समतोल हवा तर काउंटरवेटमध्ये (क्रँकवरच्याच प्रतिवजनात) वजन भरावे लागते आणि जागा अपुरी असेल तर महागडा टंगस्टन मिश्रधातू घालतात. 90 अंशांच्या व्ही-8 साठी बॅलन्सिंग करताना फिरणारे सगळे वजन आणि वरखाली जाणाऱ्या वजनाचा निम्मा भाग धरतात. हे वजन काढायला पिस्टन, पिन, रिंगा, रॉड आणि बेअरिंगा हातात असाव्या लागतात. क्रँक एकटाच मशीन शॉपला देऊन उपयोग नाही.

घडीव क्रँकच्या उत्पादनात महाराष्ट्राचेही नाव आहे. पुण्यातील भारत फोर्ज (स्थापना 1961) वाहन कंपन्यांना घडीव क्रँकशाफ्ट पुरवते.