पार्श्वभूमी : साठीआधी चयापचय मंदावतो, हे कुठून आलं?

चाळिशीत पोट दिसू लागलं की इंदूरच्या मराठी घरांतही निदान ठरलेलं असतं : ‘वय झालं, आता पूर्वीसारखं जळत नाही.’ या समजुतीला १९१९ मध्ये आकड्यांचं बळ मिळालं. हॅरिस आणि बेनेडिक्ट या अमेरिकी संशोधकांनी २३९ प्रौढांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च मोजून वजन, उंची आणि वयाचं सूत्र बसवलं. पुरुषांसाठी त्यात वयाच्या दर वर्षामागे ६.७५५ किलोकॅलरी वजा होतात, म्हणजे तीस वर्षांत दोनशेवर. सूत्र सरळ रेषेचं, त्यामुळे वजाबाकी थेट तरुणपणापासून सुरू. पुढे आहारतक्ते याच धर्तीवर आखले गेले.

दिवसभराचा खरा खर्च मोजणं मात्र अवघड होतं. त्यासाठी माणसाला बंद खोलीत ठेवावं लागे. १९५० च्या दशकात नेथन लिफ्सन यांनी प्राण्यांवर वेगळी युक्ती वापरली. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी द्यायचं आणि ते शरीरातून किती वेगानं कमी होतं ते तपासायचं. हायड्रोजन पाण्यावाटेच बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांतल्या फरकावरून खर्च निघतो. माणसांत ही पद्धत १९८० च्या दशकात आली. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने दिले की काम झालं. पण हे पाणी महाग, म्हणून बरीच वर्षं अभ्यास छोटेच राहिले.

२०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक जणांच्या अशा नोंदी एकत्र आल्या आणि चित्र फिरलं. शरीराचं आकारमान आणि चरबी हिशेबात धरल्यावर २० ते ६० वयात चयापचयाचा, म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा, वेग जवळजवळ स्थिर निघाला. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यानं उतरतो, आणि हा उतार निव्वळ स्नायू घटल्यामुळे नाही. पेशींचं कामही मंदावतं. थोडक्यात, चाळिशीतल्या पोटाचं खापर वयावर फोडता येत नाही.

‘स्नायू वाढवा, बसल्या जागी चरबी जळेल’ ही जाहिरातही पोकळच. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी खर्चतो, एक किलो यकृत सुमारे २००. स्नायू जपायचे ते जेवणानंतरची साखर सामावून घेण्यासाठी आणि जमिनीवरून उठता यावं म्हणून. स्नायूंच्या वयपरत्वे होणाऱ्या झिजेला सार्कोपेनिया हे नाव १९८९ मध्ये मिळालं.

स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात, आणि इथे आपला नाश्ता आड येतो. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिनं साधारण ४ ग्रॅम. वर शेव-जिरावन (इंदुरी मसाला) आणि सोबत जलेबी आली तरी त्यात फारशी भर नाही. पासष्टीनंतर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या आजींना ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. पोह्यांबरोबर ५० ग्रॅम पनीर घेतलं तर ९ ग्रॅमच्या आसपास भर पडते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. वजन उतरवायला नुसतं जेवण तोडलं, तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

स्नायूंची ताकद घरी तपासायची तर हात छातीशी घडी करून खुर्चीतून सलग पाचदा उठा-बसा. आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी. गुडघे दुखत असतील तर ही चाचणी फसवते. तेव्हा हाताची पकड मोजतात, आणि पुरुषांत २८, स्त्रियांत १८ किलोच्या खाली ती कमी धरतात.