आतड्यात उतरलेला पारा

तापमापी तोंडात फुटून पारा गिळला गेला की घरात हाहाकार उडतो, कारण पाऱ्याचा थेंबही प्राणघातक असतो हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. पाऱ्याची वाफ श्वासातून गेली, तर तिचा सुमारे 80 टक्के भाग शरीरात शोषला जातो, हे खरे आहे. परंतु गिळलेल्या धातुरूप पाऱ्याचा 0.01 टक्क्याहूनही कमी अंश निरोगी आतड्यातून रक्तात जातो आणि उरलेला शौचावाटे बाहेर पडतो. पाऱ्यात रोगनाशक दैवी शक्ती मानणाऱ्यांनी मात्र यातून हुरळून जाऊ नये, कारण त्याची संयुगे अशी निरुपद्रवी नसतात.

विसाव्या शतकात तर डॉक्टर पारा जाणूनबुजून आतड्यात सोडत. आतड्याला अडथळा आल्यावर साठणारा वायू व द्रव ओढून काढण्यासाठी जी कॅन्टर नळी नाकावाटे उतरवली जाई, तिच्या टोकाच्या रबरी पिशवीत सुमारे 5 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ 68 ग्रॅम पारा असे. हे वजन नळीला खाली ओढत नेई आणि द्रवरूप असल्यामुळे प्रत्येक वळणावर आकार बदलून पुढे सरके.

खरी गुंतागुंत या पिशवीमुळे होई. पातळ रबर आपल्याला हवाबंद वाटते, पण आतड्यातले वायू त्यातून हळूहळू आत झिरपतात. काही दिवसांत पिशवी फुगून तीच आतड्यात बूच होऊन बसे आणि नळी मागे ओढणेही अवघड होई. त्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो: पिशवीला सुईने बारीक छिद्र पाडायचे. वायू त्यातून निसटतो, पारा मात्र आतच राहतो, कारण पाऱ्याचा पृष्ठताण पाण्याच्या सहापटीहून अधिक असतो. छिद्रातून डोकावणाऱ्या पाऱ्याचा पृष्ठभाग बाहेर फुगतो, आणि छिद्र जितके लहान तितका तो फुगवटा अधिक वक्र होऊन पाऱ्याला जोराने मागे रेटतो. ओलसर आतड्यात 0.2 मिलिमीटर व्यासाचे छिद्र या हिशेबाने पाऱ्याचा सुमारे 6 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरते.

पिशवीच फाटली, तर हे गणित कोलमडते. 5 मिलिलिटरच्या एकाच गोळ्याचे पृष्ठफळ सुमारे 14 चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एकेक मिलिमीटरचे थेंब झाले, तर ते 300 चौरस सेंटिमीटर होते, आणि पाऱ्याची रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडते. तरीही आतडे चालू असेल तर बहुतेक पारा निघून जातो. तो अपेंडिक्ससारख्या आंधळ्या कोपऱ्यात वजनाने जाऊन बसला, तर मात्र दीर्घकाळ अडकून राहू शकतो. पारा क्ष-किरणचित्रात ठळक दिसत असल्याने त्याचा प्रवास दिवसागणिक तपासता येतो. सर्वांत बिकट प्रसंग आतड्याला भोक पडून पारा उदरपोकळीत सांडण्याचा असतो. तेथून त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि घड्यांमध्ये विखुरलेले सगळे थेंब वेचून काढणे शस्त्रक्रियेतही जवळजवळ अशक्य असते.